उन्हाळ्यातलं बाळंतपण, पत्र्याची खोली आणि आईची शेगडी… काय करू?

लेकीची_माय (औसा तालुका, लातूर)

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहायलेय, चुकलं तर सांभाळून घ्या. पहिलं बाळंतपण आहे, माहेरी आलेय, मुलगी झाली, नॉर्मल, आज आठवा दिवस. तीन दिवसाखाली पाचवी पुजली, पाटा वरवंटा मांडून सटवाईची पूजा झाली, सगळं छान झालं.

अडचण अशी की खोली पत्र्याची आहे आणि दुपारी बाहेर 42 च्या पुढं जायलंय. खिडकी बंद कारण वारं लागंल, फॅन बंद, बाजेखाली दोन टाइम शेगडी, माझ्या कानाला फडकं, लेकराला टोपडं आणि वरून दुपटं. आणि पाणी मोजून, दिवसभरात दोन फुलपात्र कोमट, ओवा टाकून. जास्त पाणी पिलं की पोट सुटतं आणि बाळाला सर्दी होती म्हणे. काल न्हाणीत चूळ भरायला दिलेल्या पाण्यातले चार घोट मी गुपचूप गिळले, लिहायला पण कसंतरी वाटायलंय.

आईला वाईट म्हणायचं नाही मला. तिचे गुडघे गेलेत तरी पहाटे 4 ला उठती, डिंक तळती, अळीव खोबऱ्याचे लाडू वळती, मला मालिश करती, मग लेकराला पायावर घेऊन न्हाऊ घालती. तिला तोंडावर कसं म्हणू की हे नको? दवाखान्यातून निघताना सिस्टर म्हणाल्या होत्या भरपूर पाणी प्या, आई म्हणती त्यांना काय कळतंय. दूध पुरंना असं वाटायलंय, बाळ सारखं किरकिर करायलंय आणि दुपारी अंग गरम लागतं. आई म्हणती मधाचं बोट चाटव, घोटभर पाणी दे. आज लंगोटावर विटकरी डाग दिसला, ते काय असतं?

सिस्टर_नांदेड

ताई बाकी सगळं नंतर, आधी त्या डागाचं. विटकरी डाग पहिल्या दोन तीन दिवसात दिसला तर चालतो, आठव्या दिवशी नाही. त्याचा अर्थ बहुतेक असा की बाळाच्या पोटात दूध कमी जायलंय आणि लघवी घट्ट झालीय. पाचव्या दिवसानंतर 24 तासात निदान सहा वेळा तरी लंगोट ओला व्हायला पाहिजे, मोजा. आजच बालरोगवाल्याकडं नेऊन वजन करा, उद्यावर ढकलू नका. बाळ सुस्त पडलं, ओढंना झालं किंवा ताप 100.4 च्या वर गेला तर रात्र असली तरी निघा, 108 ला फोन करा.

आता अंग गरम लागतंय त्याचं. टोपडं दुपटं काढा, एक सुती झबलं बस झालं, खिडकी उघडा, फॅन लावा फक्त झोत सरळ अंगावर नको. अर्ध्या तासानं परत ताप बघा. कपडे काढून उतरला तर उकाड्यानं होता, नाही उतरला तर दवाखाना. शेगडी बंद खोलीत अजिबात नको, कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास येत नाही, कळत पण नाही.

मध वर्षाच्या आत बिलकुल नाही. मधातून बोटुलिझमचे जंतू जाऊ शकतात, एवढ्या लहान आतड्याला ते झेपत नाहीत. पाणी पण नको, आईच्या दुधात जवळपास 88 टक्के पाणीच असतं, भर उन्हाळ्यात सुद्धा सहा महिने वरचं पाणी लागत नाही. पण ते पाणी तुमच्या पोटात गेलं तर दुधात उतरंल ना! दर पाजण्याला एक मोठा ग्लास पाणी उशाशी पाहिजे, आणि दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजायचं. पोट पाण्यानं सुटत नाही हो, नऊ महिने ताणलेले स्नायू हळूहळू जागेवर येतात. आणि बाळंतिणीनं पडून राहून पाणी कमी पिलं तर पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो, पोटरी सुजली दुखली तर दुर्लक्ष करू नका.

परभणीकर_77

असं एकदम सगळं बंद करा म्हणणं पटत नाही. माझी दोन्ही बाळंतपणं माझ्या आईनं शेक शेगडीनंच केली, आज पन्नाशीला आले पण कंबर कधी दुखली नाही. हल्लीच्या पोरींना सहन होत नाही. आईचा अनुभव पण काहीतरी असंलच की.

निलंग्याची_आक्का

परभणीकर बाई, तुमची बाळंतपणं कोणत्या महिन्यात झाली आणि कोणत्या घरात ते सांगा बरं. माझी सासू सुईण होती, तिच्या हाताखाली मी वीस बावीस वर्षं हेच बघितलं म्हणून बोलायलेय. तवा घरं माळवदाची होती, दोन दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती, आतल्या खोलीत वैशाखात बी गार वाटायचं. पावसाळ्यात त्याच खोलीत ओल यायची, थंडीत हातपाय वळायचे, त्या खोलीसाठी ती शेगडी होती. आणि सासूबाई शेगडी म्हणजे वाटीभर निखारे, त्यावर ओवा बाळंतशेपा टाकून धुरी, झालं, लगेच बाहेर. चैत्र वैशाखात बाळंतीण असली की ती निखारे बी ठेवायची नाही, डेरा कोपऱ्यात भरून ठेवायची. आता माळवद पाडलं, वर पत्रे आले, पण शेगडी तशीच राहिली. पत्राच शेगडी झालाय की गं, खाली दुसरी कशाला?

लेकी, आईला असंच सांग. तुझं चुकलं म्हणू नको, घर बदललं म्हण. पत्र्यावर चुना मारून घ्या, दारं खिडक्यांना ओली गोणपाटं लावा. लाडू, मालिश चालू दे, ते सोन्यासारखं आहे. पाण्यात ओवा टाकू दे हवं तर, पण तांब्या भरून दे म्हणावं, फुलपात्र नको.

जिंतूरचा_मास्तर

पुरुष म्हणून लिहावं का नाही कळत नव्हतं. ताई, तुमच्या मिस्टरांना बोलवून घ्या. आमच्याकडं असंच झालं होतं, बायको सासरवाडीला आणि मी फोनवर फक्त बरं आहे का विचारायचो, ती बरं आहे म्हणायची, बाजूला सगळे बसलेले असताना दुसरं काय म्हणणार. बाळ कावीळ वाढून पाच दिवस काचेच्या पेटीत होतं. बारशापर्यंत जावयानं यायचं नाही असलं काही धरू नका. आणि तुमच्या आशाताई आल्या का? दवाखान्यातल्या डिलिव्हरीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी यायचं असतं, वजनकाटा घेऊन. सातव्याची भेट झाली नसंल तर फोन करा.

लेकीची_माय

सगळ्यांचे खूप आभार. काल संध्याकाळी लगेच नेलं. जन्माचं वजन 2 किलो 800 होतं, काट्यावर 2 किलो 500 भरलं. डॉक्टर म्हणाले दहा टक्क्यांच्या वर उतरलंय, वेळेत आणलं, रक्त तपासलं, ॲडमिट करायची गरज नाही पडली, दर दोन तासाला पाजा आणि परवा परत वजनाला आणा.

आई सोबतच होती. काट्यावरचा आकडा बघून ती काही बोलली नाही, बाहेर पायरीवर बसून पदर तोंडाला लावून रडली. मी आक्कांचं माळवदाचं वाक्य तिला जसंच्या तसं वाचून दाखवलं तर म्हणाली, खरंय, तू झालीस तवा आपलं माळवद होतं आणि पौष चालू होता. रात्री घरी आल्यावर तिनं स्वतःच शेगडी परसात नेऊन उपडी केली. आज दुपारपर्यंत पाच लंगोट ओले झाले, मोजायलेय. हे निघालेत, रात्रीपर्यंत येतील.

सिस्टर, एक विचारायचं राहिलं, आई आता दर तासाला तांब्या घेऊन उभी राहायलीय, तहान नसली तरी पिऊ का? आणि अळीवाचे लाडू दिवसाला दोन चालतील ना?

सिस्टर_नांदेड

छान केलंत! तहानेप्रमाणे प्या, बळंच नको, लघवी पाण्यासारखी फिकट असली म्हणजे पुरतंय. लाडू दोन चालतील, सोबत भाकरी भाजी वरण पोटभर पाहिजे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या 180 दिवस घ्यायच्यात, दोन्ही एका वेळी घेऊ नका. परवाचं वजन इथं नक्की टाका.