पासवर्ड बरोबर होता म्हणून कंपनी पैसे देत नाही, आता काय?

प्रश्न: ऑनलाइन पेमेंट खात्यातून भलत्याच कुणीतरी चार व्यवहार केले. कंपनी म्हणते, पासवर्ड बरोबर होता, जबाबदारी खातेदाराची. थेट कोर्टात जावं का?

प्रतिसाद १: कोर्ट शेवटी. आधी लेखी तक्रार, नुसता फोन नको. प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम लिहा आणि ‘या व्यवहाराला माझी संमती नव्हती’ हे स्पष्ट मांडा. नुसतं ‘फसवणूक झाली’ लिहिलंत, तर पैसे तुम्हीच पाठवले असाही अर्थ निघतो आणि तिथेच घोळ होतो. लॉगिन इतिहासाचा स्क्रीनशॉट आधी काढा, मग पासवर्ड बदला. सगळी उपकरणं लॉगआउट केली की अनोळखी फोन यादीतून गायब होऊ शकतो.

प्रतिसाद २: मुदत सगळ्यात महत्त्वाची. भारतात रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात ग्राहक आणि बँक दोघांचीही चूक नसताना त्रयस्थाने केलेल्या व्यवहाराची सूचना, बँकेचा संदेश मिळाल्यापासून 3 कामकाजी दिवसांत दिल्यास ग्राहकावर नुकसानीचा भार शून्य. अमेरिकेत 2 कामकाजी दिवसांत कळवलं तर कमाल 50 डॉलर, उशीर झाला तर 500 पर्यंत. स्टेटमेंटनंतर 60 दिवस उलटले तर पुढचं नुकसान आपलंच. युरोपीय संघात 13 महिने, पण ‘विनाविलंब’ कळवण्याची अट आहेच.

प्रतिसाद ३: ‘पासवर्ड बरोबर होता’ हा युक्तिवाद लंगडा आहे. युरोपीय नियमांत नुसती वापराची नोंद संमतीचा पुरेसा पुरावा ठरेलच असं नाही. भारतातही ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. म्हणून आयपी पत्ता (लॉगिन कुठल्या इंटरनेट जोडणीवरून झालं ते दाखवणारा क्रमांक) आणि उपकरणाची नोंद लेखी मागा. पैसे जोडलेल्या कार्डातून गेले असतील, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅकही (म्हणजे कार्डातून गेलेली रक्कम परत) मागता येतो. पोलीस तक्रारीची पोचपावती सोबत जोडा. एवढं करूनही नकार आला, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, मग ग्राहक न्यायालय.