'अर्थ २' : पोरगा सुरुवातीलाच बरा झाला, मग चालायचं कशाला?

उंटावरचा_शहाणा
अमेरिकेतल्या एनबीसी चॅनलची 'अर्थ २' ही विज्ञानकथा मालिका (१९९४-९५) एकाच सीझनमध्ये गुंडाळली. चाहते अजून चॅनलच्या नावाने बोटं मोडतात. माझं म्हणणं, मालिकेने स्वतःच पायावर धोंडा पाडून घेतला.

न पाहिलेल्यांसाठी: साल २१९२. माणसं पृथ्वीभोवतीच्या स्थानकांवर राहतात. तिथे जन्मलेल्या काही मुलांना 'सिंड्रोम' होतो आणि ती नऊ वर्षांच्या पुढे जगत नाहीत. सरकार म्हणतं, असला आजारच नाही. डेव्हन अडेअर आपल्या आठ वर्षांच्या युलिसिसला घेऊन २२ प्रकाशवर्षांवरच्या जी८८९ ग्रहावर जाते. यान कोसळतं भलतीकडेच, ठरलेल्या किनाऱ्यापासून हजारो मैलांवर. आता पायी चला.

एवढी जबरदस्त मांडणी. आणि करतात काय, तर जमिनीतून उगवणारे टेरियन, म्हणजे त्या ग्रहाचे मूळ रहिवासी, पोराला मातीत ओढून नेतात आणि धडधाकट करून परत देतात. तेही अगदी सुरुवातीच्याच भागांत! आईच्या जिवाचा घोर गेला, मग आपण कशाला लावून घ्यायचा?

रातकिडा
अहो, मागून जहाज येतंय ना! त्यात तसलीच आजारी पोरं आहेत. त्यांची सोय लावायला ही मंडळी चालताहेत.

आणि युली बरा झाला तो फुकटात नाही. आधी संरक्षक सूटमध्ये कोंडलेलं पोर आता रानभर हुंदडतंय, पण ते अर्धं टेरियनांचं झालंय. डेव्हन त्याच्याकडे बघते तेव्हा मला तरी दर वेळी वाटतं, हा माझाच ना, असं ती मनात विचारतेय. घोर संपला नाही, बदलला. शिवाय डॅन्झिगर बघा. मेकॅनिक, पोटासाठी आलेला, त्याला इथे राहायचंच नव्हतं. क्लॅन्सी ब्राउनने काय उभा केलाय! त्याची आणि डेव्हनची भांडणं हीच खरी मालिका.

कांदेपोहे
आजारबिजार राहू द्या, मला सरळ कंटाळा आला. वारी परवडली, वीसेक दिवसांत पंढरपूर तरी येतं! इथे दर भागात नवा डोंगर, नवा ग्रेंडलर (तिथला भंगार गोळा करणारा जीव), आणि त्याच्याशी भंगाराची अदलाबदल. न्यू मेक्सिकोतलं चित्रीकरण मात्र देखणं, ते नाकारत नाही.

मावळतीचा_तारा
सगळे लेखकांवर का घसरताय? रविवारी संध्याकाळी ७ ला, समोर सीबीएस चॅनलचा बातम्यांचा कार्यक्रम '६० मिनिट्स'. तिथे कोण टिकणार? आणि कहर ऐका. सीझनच्या शेवटाला डेव्हन अनोळखी आजाराने कोसळते, तिला शीतनिद्रेत ठेवतात. पुढच्या भागात बाई ठणठणीत, कामाला लागलेल्या! राहिलेले दोन जुने भाग चॅनलने त्यानंतर लावले होते.

उंटावरचा_शहाणा
भागांच्या क्रमात चॅनलने माती खाल्ली, मान्य. वेळेचंही अर्धं मान्य.

पण @मावळतीचा_तारा, तुमच्याच उदाहरणात माझा मुद्दा आहे. शेवटी त्यांना आजार परत आणावाच लागला की नाही? पोराचा काढला आणि आईला दिला. गोष्ट कशावर चालत होती हे लेखकांना कळलं, पण वीस भागांनंतर.

रातकिडा
कळलं होतं ना? मग म्हणूनच दुसरा सीझन द्यायचा होता!