मदत हवी आहे : काळ्या कुत्र्याचा फोटो डोळ्यांसकट कसा येईल?

आमच्या सोसायटीच्या गेटवर राहणाऱ्या काळूचा (नाव ठेवण्यात आम्ही फार डोकं चालवलेलं नाही) एक चांगला पोर्ट्रेट काढून फ्रेम करायचाय. वॉचमनकाकांना द्यायचाय, ते लवकरच निवृत्त होऊन गावी जाताहेत.

अडचण रंगाची. कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर सगळं जग मध्यम राखाडी धरून चालतं, त्यामुळे काळू फ्रेमभर आला की फोटो उजळतो आणि तो धुरकट करडा दिसतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची सेटिंग) उणे एकवर नेलं तर अंग छान काळंभोर येतं, पण डोळे त्यातच बुडतात. फ्लॅश नको, डोळे हिरवे चमकतात आणि तो बिचकतो तो वेगळाच. ५० एमएम १.८ लेन्स आहे. जमिनीवर बसूनच काढतो. फोटोग्राफर एलियट अर्विट कुत्र्यांच्या उंचीवरून जग टिपायचे ते उगाच नव्हे. वरून काढलेला कुत्रा नुसती पाठ आणि कान दिसतो.

सकाळी ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठी न्यावा म्हणतोय, म्हणजे पाण्याकडच्या मोकळ्या आकाशाची चमक डोळ्यांत पडेल. कुणी तिथे काढलेत का? की गेटच्या छपराखाली, सावलीच्या कडेलाच बसवू? तो तिथे जास्त निवांत असतो.

आणि नौपाडा किंवा पाचपाखाडीत मॅट पेपरवर काळा रंग नीट छापणारं कुणी सुचवा. ग्लॉसी नको, काचेखाली फक्त ट्यूबलाइट दिसते.