गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर (सांध्याच्या झिजेवर) एमपीटीचा (फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीचा) प्रबंध: ६० रुग्ण पुरतील का? वाटणी कशी करायची?

एमपीटी_पुणे

नमस्कार. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) जवळपास तयार आहे, पुढच्या महिन्यात एथिक्स कमिटीकडे द्यायचाय. रुग्ण गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे, वय ५० ते ७०. 'अ' गटाला नेहमीचे क्वाड्रिसेप्सचे (मांडीच्या पुढच्या स्नायूंचे) व्यायाम, 'ब' गटाला तेच आणि शिवाय हिप ॲबडक्टरचे (पाय बाजूला नेणाऱ्या नितंबाच्या स्नायूंचे). आठवड्याला ३ दिवस, ६ आठवडे. मोजणार आहे ते असं: वेदना (० ते १०), वोमॅक (दुखणं, ताठरपणा आणि रोजची कामं यांची प्रश्नावली), ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, आणि डायनॅमोमीटरने ॲबडक्टरची ताकद.

६० हा आकडा जुन्या प्रबंधांत बघून घेतलाय, चालेल का? ओपीडीचा सम क्रमांक 'अ', विषम 'ब' केलं तर त्याला रँडम म्हणता येईल? आणि सीटीआरआयची (वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली) नोंदणी डेटा गोळा झाल्यावर केली तर?

आकडेमोड

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात पळवाट नाही. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय फक्त आगाऊ नोंदणी घेतं. पहिला रुग्ण अभ्यासात घेण्याआधी नोंदणी क्रमांक हातात हवा. फी काही नाही. पण एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र अपलोड करावं लागतं आणि तपासणीत शंका काढून अर्ज परत येतो, तेव्हा वेळापत्रकात काही आठवडे मोकळे ठेवा.

सम-विषमला रँडम म्हणता येणार नाही. ओपीडीच्या खिडकीवरच पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार ते कळतं, आणि मग जास्त लंगडणाऱ्या आजींना नकळत 'उद्या या' म्हटलं जातं. खरी गोम पुढचा गट लपवण्यात आहे. अभ्यासाशी संबंध नसलेल्या कोणाकडून तरी संगणकावर यादी काढून घ्या, ४ आणि ६ चे ब्लॉक (निम्मे 'अ', निम्मे 'ब' अशा छोट्या तुकड्या) मिसळून. सगळे ब्लॉक ४ चेच ठेवले तर चौथा रुग्ण कुठे जाणार ते ओळखता येतं. चिठ्ठ्या क्रमांक घातलेल्या जाड पाकिटांत, आत घडी केलेली ॲल्युमिनियम फॉइल, म्हणजे उजेडात धरून काही दिसणार नाही. आधी संमतीपत्र आणि सुरुवातीची मोजमापं, मग पाकिटावर रुग्णाचं नाव आणि तारीख, आणि त्यानंतरच पाकीट फोडायचं. हा क्रम मोडला की पाकिटांचा उपयोग संपला.

आता ६०. दोन गटांसाठी ८० टक्के पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरलं तर प्रत्येक गटात साधारण १५.७ × (एसडी ÷ अपेक्षित फरक)² इतके रुग्ण लागतात. वेदनेचा एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे आकडे किती विखुरलेत) २ आणि गटांमधला फरक १.५ धरला तर २८. गळती २० टक्के धरली तर २८ ला ०.८ ने भागायचं, म्हणजे ३५. बरेच जण २८ मध्ये २० टक्के मिळवून ३४ लिहितात, ते चूक. पण तुमचे दोन्ही गट व्यायाम करणार, दोन्ही सुधारणार. दोघांत १.५ चा फरक पडेल ही आशा जरा मोठी आहे. १ धरलात तर गळतीआधीच गटाला ६३ लागतात. विश्लेषणात सुरुवातीचा स्कोअर घेऊन अँकोव्हा (तो स्कोअर हिशोबात धरून गटांची तुलना) केलं आणि आधी-नंतरच्या स्कोअरमध्ये ०.५ चा सहसंबंध असेल तर ते ४८ वर येतात. एसडी मात्र तुमच्यासारख्याच रुग्णांवरच्या छापील अभ्यासातून घ्या, जुन्या प्रबंधातून नको.

गोनिओमीटर

आकड्यांआधी डोस (कोणाला किती व्यायाम) बघा. 'ब' गट जास्त सेट करणार, थेरपिस्टजवळ जास्त वेळ बसणार. मग फरक दिसला तरी तो ॲबडक्टरमुळे की निव्वळ जास्त व्यायामामुळे, हे सांगता येणार नाही. 'अ' गटाला तेवढ्याच मिनिटांचे आणि तेवढ्याच सेटचे दुसरे व्यायाम द्या. सिनॉप्सिसमध्ये 'थेराबँडने (ताणायच्या रबरी पट्टीने) स्ट्रेंथनिंग' एवढंच लिहू नका. सेट किती, रेप्स किती, मधे विश्रांती किती, वजन कधी वाढवायचं (उदा. सलग दोन बैठकींत ३ × १२ सहज जमले की अर्धा किलो) हे सगळं हवं. बँडचा रंग पुरेसा नाही, कंपनीगणिक ताण बदलतो.

डायनॅमोमीटर: हाताने धरलात तर धडधाकट रुग्णापुढे तुमचाच हात मागे सरकतो आणि आकडा कमी येतो. पट्ट्याने बांधा. रुग्ण कुशीवर, पॅड गुडघ्याच्या जरा वर. घोट्याजवळ ठेवलं तर जोर दुखऱ्या गुडघ्यावरून जातो, रुग्ण दुखतं म्हणून थांबतो आणि आपण ते अशक्तपणा म्हणून लिहितो. ग्रेटर ट्रोकॅन्टरपासून (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा बाहेरचा उंचवटा) पॅडपर्यंतचं अंतर मोजा, बलाला त्याने गुणा, वजनाने भागा. नुसते किलो लिहिलेत तर उंच माणूस उगाच कमजोर दिसेल.

खुर्ची बिनहाताची, सुमारे ४३ सेंमी उंच, पाठ भिंतीला टेकलेली. प्लास्टिकची नको, वाकते.

वोमॅकला परवाना लागतो. त्यातल्या कामाच्या १७ प्रश्नांत मोजे घालणं, मोजे काढणं, आंघोळीच्या टबात शिरणं आहे. नऊवारीतल्या आजी यावर काय सांगणार? उलट मांडी घालणं, उकिडवं बसणं यावर एक शब्द नाही. त्यासाठी वेगळा ० ते १० आकडा विचारा, पण दुय्यम मोजमाप म्हणून. प्रश्नावलीचं घरी बसून मराठी करू नका, वैधता तपासलेली आवृत्ती मिळवा.

एमपीटी_पुणे

दोघांचेही आभार. बहुतेकांचे दोन्ही गुडघे दुखतात. दोन्ही मोजले तर ३५ रुग्णांचे ७० गुडघे होतील ना?

आकडेमोड

नाही हो! एकाच माणसाचे दोन गुडघे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. पाकीट फोडण्याआधी जास्त दुखणारा गुडघा ठरवून फॉर्मवर लिहा, दोन्ही सारखेच असतील तर नाणं उडवा. व्यायाम दोन्हींना, हिशोब एकाचा.

आणि मोजणारी व्यक्ती वेगळी हवी. व्यायाम कोणता ते थेरपिस्टपासून लपत नाही, मोजणाऱ्यापासून लपतं. रुग्णाला आधीच बजावा, 'मोजताना व्यायामाचं काही बोलू नका.' शेवटी मोजणाऱ्याला गट ओळखायला सांगून उत्तर नोंदवा.

स्वारगेट_एसटी

एक पुणेरी अडचण. सहा आठवडे ज्येष्ठ-आषाढात आले तर पालखीचा पुण्यातला मुक्काम हलला की काही रुग्ण वारीला जातील. ते नुसते गैरहजर राहणार नाहीत, रोज मैलोन्मैल चालून येतील आणि त्यानंतर तुम्ही गुडघा मोजाल. भरतीच्या वेळीच विचारा, किंवा नवे रुग्ण आषाढीनंतर घ्या. भोर-वेल्ह्याकडून येणाऱ्यांचं एसटी भाडं बजेटमध्ये धरा, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रवासखर्च द्यायला मुभा आहे. रक्कम संमतीपत्रात लिहा. वेदनाशामक गोळ्यांसाठी एक पानी तक्ता द्या: तारीख, गोळी, किती. मोजमापाच्या दिवशी सकाळी गोळी घेतली का, हा प्रश्न त्याच फॉर्मवर छापून टाका, नाहीतर विचारायचं राहतं.

गोनिओमीटर

'अ' मध्ये आधी-नंतर पी (फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा दिसण्याची शक्यता) ०.०१, 'ब' मध्ये ०.००१, म्हणून 'ब' सरस, असं लिहू नका. गटागटातला फरक आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या टप्प्यात असावा तो) द्या. मधेच सोडून गेलेल्यांनाही ज्या गटाचं पाकीट निघालं त्याच गटात मोजा.