तिकडे म्हणे तिकीट जनता देते!

एडिसनकर:
काल बंटी यांनी लिहिलंय, "अमेरिकेत हायकमांड नाही, उमेदवार जनता निवडते, आपल्याकडेही प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवायला पक्षांतर्गत मतदान, आणा, सगळं सुतासारखं सरळ होईल." वाचून डोकंच फिरलं. जनता म्हणजे कोण हो? मी न्यू जर्सीत मत देते. 2016 ला आमची प्रायमरी 7 जूनला आणि एपी या वृत्तसंस्थेने आदल्या रात्रीच सांगून टाकलं की हिलरीची डेमोक्रॅटिक उमेदवारी पक्की झाली, म्हणजे आम्ही वरातीमागून घोडं. आधी मत देणाऱ्या आयोवा-न्यू हॅम्पशायरवाल्यांनी निम्मे उमेदवार फेब्रुवारीतच घरी बसवलेले असतात. आणि हायकमांड नाही? आमच्याकडे काउंटी लाइन होती, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पक्षाध्यक्षाचा लाडका मतपत्रिकेवर मोठ्या नावांच्या रांगेत, बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, शोधत बसा. 2024 ला सिनेटला उभा राहिलेला अँडी किम कोर्टात गेला तेव्हा कुठे ते थांबलं. पैशाचं तर बोलूच नका. 2024 ला आपल्यासारख्याला एका उमेदवाराला प्रायमरीसाठी 3300 डॉलरच्या वर देता येत नव्हते आणि सुपर पॅकच्या, म्हणजे हव्या तेवढ्या देणग्या घेणाऱ्या प्रचारसंस्थांच्या, वाटेने मस्क पंचवीस कोटी डॉलरच्या वर ओतून मोकळा.

सातारी_बंटी:
पैशानेच जिंकता येत असतं तर अब्जाधीश ब्लूमबर्ग राष्ट्राध्यक्ष झाला असता. 2020 ला प्रायमरीत शंभर कोटी डॉलरच्या आसपास उडवले, जिंकलं काय तर अमेरिकन सामोआची चिमुकली बेटं! 2018 ला दहा टर्म खासदार असलेल्या क्राउलीला बारमध्ये काम केलेल्या मुलीने प्रायमरीत पाडलं. तीच ओकासिओ-कोर्तेझ आपल्याकडे अजून सतरंज्या उचलत असती. आणि आपले श्री ठाणेदार? बेळगावच्या गरिबीतून डेट्रॉइटचा खासदार. त्यांना कुठल्या दिल्लीने तिकीट दिलं?

मिशिगनचा_माळी:
ठाणेदारांचं नाव काढलंतच तर ऐका, मी इथलाच आहे. 2018 ला गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत स्वतःच्या खिशातले कोटभर डॉलर घातले, सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी टीव्हीवर जाहिरात, लोक त्यांचं नाव उच्चारायला धडपडतायत अशी. आले तिसरे. मग अ‍ॅन आर्बर सोडून डेट्रॉइटला बिऱ्हाड, 2020 ला राज्याच्या विधानसभेत, 2022 ला परत स्वतःचे पैसे घालून काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, प्रायमरी. नऊ जण उभे, मतं फुटली, हे 28 टक्क्यांत पास. तिथे डेमोक्रॅटच निवडून येतो, म्हणून नोव्हेंबरची खरी निवडणूक नावापुरतीच. जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदा डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय खासदार राहिला नाही, माझे शेजारी अजून त्यावरून धुसफुसतात. हायकमांड नव्हतं, चेकबुक होतं.

सीमाभागवाला:
वा! मराठी माणूस वर चढला की पाय ओढायला मराठीच हजर. स्वतः कमावलेलं स्वतः घातलं, कुणाच्या दारात हात नाही पसरला. तुमच्या पोटात का दुखतंय? आपल्याकडेही तीस टक्क्यांत आमदार होतात, तेव्हा गप्प बसता ना? आणि निवडणूक रोखे विसरलात वाटतं.

मिशिगनचा_माळी:
पोटात काही दुखत नाही, 2018 ला त्यांचा बोर्ड माझ्याच अंगणात होता!! पण तेव्हा मला वाटलं नव्हतं की पद बदलून बदलून चाललंय. आणि रोखे कोर्टाने रद्द केले, सुपर पॅक अजून आहेत.

ग्रीनकार्डच्या_रांगेत:
तुम्ही ठाणेदारांवर भांडा, माझं दुखणं वेगळंच. एच-वन-बीवाल्याला, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला, इथे उमेदवाराला एक डॉलरही देता येत नाही, कायद्याने गुन्हा. पण माझा फोन नंबर आधी कुणा बाईचा असणार, तिने कधीतरी देणगी दिली असणार, त्यामुळे रोज मेसेज: "आज रात्री 11:59 च्या आत 5 डॉलर द्या, नाहीतर सगळं संपलं." स्टॉप लिहिलं की दुसऱ्या नंबरवरून दुसरा उमेदवार. तोही मला तिच्याच नावाने हाक मारतो. हीच का ती तळागाळातली लोकशाही?

एडिसनकर:
बंटी, ब्लूमबर्गचं मान्य. म्हणजे इकडे पडायलासुद्धा शंभर कोटी लागतात, एवढं तरी तुम्ही मान्य केलंत, आभारी आहे.

सातारी_बंटी:
काकू, क्राउली पडला त्यावर एक अक्षर नाही लिहिलंत.

एडिसनकर:
पडला, बरं. तो गाफील राहिला आणि प्रायमरीला मत द्यायला कुत्रं फिरकत नाही म्हणून पडला. थोडक्या मतांत खासदारकी इकडून तिकडे जाते. ती मुलगी भली निघाली म्हणून तुम्हाला कौतुक, उद्या त्याच दारातून कुणीही घुसेल.

सीमाभागवाला:
आणि ठाणेदार?

मिशिगनचा_माळी:
आधी डेट्रॉइटला येऊन राहा, मग बोलू.

सीमाभागवाला:
येतो की. व्हिसा द्या.