गावाच्या मालकीचं दुकान: भाग सगळे घेतील, गल्ल्यावर बसणार कोण?

बिनपगारी: काल एकाने इथे लिहिलं, गावातलं शेवटचं दुकान बंद पडत असेल तर गावकऱ्यांनी भाग (शेअर) काढून ते विकत घ्यावं, इंग्लंडात शेकडो गावांनी घेतलंय. वाचून डोकं फिरलं. अशा दुकानाच्या समितीवर मी ३ वर्षं काढलीयेत. पहिल्या महिन्यात गल्ल्यावर फुकट बसायच्या पाळ्यांच्या तक्त्यात नाव लिहायला जागा नव्हती, सहाव्या महिन्यात चारच नावं, त्यात माझं दोनदा! आणि मोठी खरेदी सगळे शहरातून करून येणार, दुकानात फक्त विसरलेली काडेपेटी.

दोन_पैसे: काल लिहिणारा मीच. तुमच्या तक्त्यात नावं नव्हती म्हणून पद्धतच चूक? भाग कितीही घ्या, मत एकच, आणि भाग बाहेरच्याला विकता येत नाहीत त्यामुळे कोणी पैसेवाला येऊन दुकान गिळत नाही. १८४४ साली इंग्लंडातल्या रॉचडेलला २८ जणांनी असंच दुकान काढलं, नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात वाटला.

खातेवही: ते टिकलं कारण उधारी बंद होती. हे कोणीच सांगत नाही.

दुकानदाराची_लेक: रॉचडेल खेडं नव्हतं हो, गिरण्यांचं गाव. तिथे आठवड्याला पगार. शेतीवाल्याकडे पैसा हंगामालाच येतो, तोवर त्याने काय करायचं? वडील गेल्यावर त्यांची उधारीची वही उघडली, तर एका नावावर काट मारलेली आणि शेजारी बारीक अक्षरात "पोरगी दवाखान्यात". समिती यासाठी काय सभा बोलावणार?

खातेवही: आणि अशा किती काटांनी दुकान बुडालं ते पण सांगा की.

दुकानदाराची_लेक: बुडालं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत चालू होतं. माहीत नसताना माझ्या बापावर बोलू नका.

खातेवही: बरं, बापाबद्दलचं मागे घेतो. उधारीबद्दलचं नाही. एकटा मालक स्वतःच्या खिशातून सोडतो, समितीवाला दुसऱ्याच्या खिशातून सोडणार आणि आधी स्वतःच्या मेव्हण्याचं सोडणार.

बिनपगारी: मेव्हण्याचं शंभर टक्के खरं!! आमच्याकडे थकबाकीची यादी आणि समितीची यादी शेजारी ठेवली तर आडनावं तीच.

दोन_पैसे: उधारीत कुठे घुसलात सगळे? मुद्दा मालकीचा होता. ठीक आहे, एक पगारी माणूस ठेवावा लागतो हे मान्य, तिकडेही बऱ्याच ठिकाणी मॅनेजर पगारी आणि बाकी स्वयंसेवक असतात. झालं समाधान?

बिनपगारी: उपकार झाले. तुमची पाळी कुठल्या वारी असते?

दोन_पैसे: मी सध्या शहरात राहतो.

बिनपगारी: 🙏