कपडे चिकटतात, बिलगतात की करंट मारतात?

तर्जुमेकरीण: एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. मुलांकडे अमेरिकेत सहा महिने राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी आहे. त्यात धुलाईचं एक पान आहे: विकतचं सॉफ्टनर न वापरता घरातल्या वस्तूंनी कपड्यांतलं स्टॅटिक कसं कमी करावं. गाडी अडलीय 'स्टॅटिक क्लिंग'पाशी. ड्रायरमधून काढलेली सलवार कुडत्याला धरून बसते आणि सोडवताना चटचट आवाज येतो, ते. मी 'स्थितिक विद्युतभारामुळे कपडे एकमेकांना चिकटणे' असं लिहिलं. तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला, "चिकटायला गोंद लागतो. वाचणाऱ्याला वाटेल कपड्यात साबण राहिलाय." त्यांनी पर्याय दिलाय 'विद्युत-आसक्ती'. दोन-तीन शब्दांत बसेल असं काही सुचतंय का?

शब्दखेळ्या: विद्युत-आसक्ती! सलवार-कुडत्याचं लग्न लावून द्या मग.

वऱ्हाडी ठसका: आमच्याकडे नागपुरात थंडीत हवा कोरडी ठणठणीत असते. स्वेटर काढला की केस उभे राहतात आणि आई म्हणते, "करंट मारते पोरा तो स्वेटर." पत्रकात सरळ लिहा, 'कपडे करंट मारतात'. कोणत्याही आजीला कळेल.

कोरडा ओलावा: कळेल, पण चुकीचं कळेल. करंट म्हणजे वाहती वीज. इथे भार कापडावर साठून बसलेला असतो, म्हणून तर शाळेच्या पुस्तकात 'स्थितिक'. आजीला वाटेल मशीनची अर्थिंग गेली, आणि ती जावयाला इलेक्ट्रिशियन बोलवायला लावेल.

वऱ्हाडी ठसका: भाऊ, बोटाला चटका बसतो त्या क्षणी तो भार वाहतोच ना? मग तेवढ्यापुरता तो करंटच झाला. आईचं बरोबर आहे.

बोरूबहाद्दर: मूळ दुखणं वेगळंच आहे. 'सॉफ्टनर', 'ड्रायर', 'स्टॅटिक' हे तिन्ही शब्द तुम्ही मुकाट्याने गिळलेत आणि चौथ्यावर घास अडकला. सॉफ्टनरला 'मार्दवक' म्हणा. मृदूपासून मार्दव, त्यापासून मार्दवक. सावरकरांनी 'महापौर' आणि 'दिनांक' दिले तेव्हाही लोक हसलेच होते.

शब्दखेळ्या: वाण्याकडे जाऊन 'एक मार्दवक द्या' म्हणा. त्याने खोकल्याचं औषध दिलं नाही तर मी मानेन. घराघरात म्हणतात 'कम्फर्ट घाल', बाटली कुठल्याही कंपनीची असो. पूर्वी कुठल्याही पावडरीला सर्फ आणि कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे, तसंच.

मिनेसोटाची माई: तर्जुमेकरीण ताई, मी वाचणाऱ्यांच्या बाजूची. इथल्या हिवाळ्यात हीटिंग चालू असलं की घरातली हवा पार सुकते आणि दाराच्या मुठीला हात लावायची भीती वाटते. आम्ही इथे म्हणतो, 'स्टॅटिक आलंय कपड्यांना'. ताप आल्यासारखं. शब्दापेक्षा सूचना नीट द्या. कपडे कडकडीत होईपर्यंत ड्रायर फिरवू नका, किंचित दमट असतानाच काढा. पॉलिएस्टर आणि नायलॉन वेगळे काढून दांडीवर वाळत घाला. लोकरीचे गोळे टाकले तर कपडे सुटे राहतात. हे केलंत की निम्मी चटचट थांबते.

तर्जुमेकरीण: माई, सूचना मूळ पानात आहेत. शेवटच्या पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालायचं, फॉइलचे गोळे टाकायचे, खायचा सोडा घालायचा. मला फक्त त्या एका शब्दाचं…

कोरडा ओलावा: थांबा, व्हिनेगर आणि सोडा एकाच पाण्यात लिहिलंय का? तसं असेल तर खोडा. आम्ल आणि अल्कली भेटले की फेस येतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी. दोघांचाही उपयोग संपला. आणि ठळक अक्षरात टाका: व्हिनेगर कधीही क्लोरीनवाल्या ब्लीचबरोबर घालू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर कपड्यात अडकलेला साबणाचा अल्कलीपणा काढतं, म्हणून कापड मोकळं लागतं. स्टॅटिकवर त्याची जादू मला फारशी पटत नाही. सॉफ्टनरचं काम वेगळं. त्यातले धनभारित रेणू धाग्यावर पातळ थर धरतात, धागे एकमेकांवर कमी घासतात आणि थरात थोडा ओलावा राहून भार निसटतो. केसांचा कंडिशनर हेच करतो. तो थर चढत गेला की टॉवेल पाणी टिपेनासा होतो, हा त्याचा तोटा.

बोरूबहाद्दर: 'व्हिनेगर' कशाला? 'शिरका' आहे की आपल्याकडे.

शब्दखेळ्या: शिरका फारसी, व्हिनेगर फ्रेंचांकडून इंग्रजीमार्गे. आंबट दारू असा त्याचा अर्थ. तुमच्या सोवळ्यात फारसीला प्रवेश आणि फ्रेंचला बंदी, हा नियम कुठला?

बोरूबहाद्दर: फारसी इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलीय. घरची झाली.

शब्दखेळ्या: मग 'करंट'ही घरचाच. तीन पिढ्या लागतोय.

आंबोलीकर: फारसीवरून आठवलं. अंबर नावाचा तो पिवळा डिंकाचा दगड घासला की गवताची काडी ओढून घेतो. फारसीत त्याला कहरुबा म्हणतात, म्हणजे काडी पळवणारा. संस्कृतात तृणमणी. आणि ग्रीकांचा इलेक्ट्रॉन म्हणजे तोच दगड, त्यावरून सगळी इलेक्ट्रिसिटी. आपली 'वीज' मात्र विद्युत, विज्जु अशी आभाळातून उतरली. म्हणून माझं म्हणणं, कपड्यांच्या या प्रकाराला वीज म्हणूच नये. 'तृणओढ' म्हणा.

वऱ्हाडी ठसका: कपड्यात तृण कुठून आलं?

आंबोलीकर: तत्त्व बघा हो.

परकरपुराण: 'बिलगणे' कुणालाच कसं आठवलं नाही? मूल आईला बिलगतं, नायलॉनची साडी परकराला बिलगते. ऐकायला गोड आणि अर्थाला चोख. नायलॉनच्या साड्या नव्या होत्या तेव्हा माझी मावशी परकराच्या काठाला आतून सेफ्टी पिन लावायची. धातूवाटे भार निघून जातो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण साडी पायात येत नसे. ते वाक्य पत्रकात घाला. अमेरिकेतही पिन मिळते.

कोरडा ओलावा: पिनेचा उपाय चालतो. 'बिलगणे' मात्र मायेचं आहे. इथे वैताग हवा. कोल्हापूरकडे 'अंगाला चोपतंय' म्हणतात.

रंकाळ्याकाठी: चोपतंय ते घामानं किंवा पावसानं भिजलेलं कापड. कोरड्याला चोपतंय म्हणणारा कोल्हापूरचा नव्हं. आमच्यात झटका बसला म्हणतात. आणि बघा, कपडे झटकून वाळत घालायचे तो 'झटक' आणि हा 'झटका' एकच. आज्जी दोन्ही टोकं धरून साडी अशी झटकायची की चाबकासारखा आवाज यायचा. न झटकता वाळत घातलं तर नंतर कापड आपल्याला झटकतं.

शब्दखेळ्या: व्युत्पत्ती नंबर एक. खोटी असली तरी ठेवा.

तर्जुमेकरीण: बरं, एक पोटप्रश्न. 'रिन्स'ला मी 'विसळणे' लिहिलंय. चालेल ना?

वऱ्हाडी ठसका: विसळतात ती भांडी. कपडे खंगाळतात.

बोरूबहाद्दर: खंगाळणे हिंदी.

वऱ्हाडी ठसका: माझी आजी नदीवर कपडे खंगाळायची. तिला हिंदीचं एक वाक्य धड येत नव्हतं. तुम्हाला पुण्यात ऐकू आलं नाही म्हणून हिंदी?

आंबोलीकर: आमच्याकडे आघळतात. खळबळून आघळून काढलं की साबण जातो. रिठ्याच्या पाण्यातलं रेशीम तर आघळायचंच, पिळायचं नाही.

परकरपुराण: तिन्हींत फरक आहे. विसळताना पाणी ओतून टाकतात. आघळताना कापड वरखाली होतं. खंगाळताना ते वाहत्या पाण्यात आडवं फिरतं.

रंकाळ्याकाठी: मग गोधडी टबात टाकून वर उभं राहून पायानं दाबायची, त्याला काय म्हणायचं?

वऱ्हाडी ठसका: तुडवणं.

बोरूबहाद्दर: 'पादमर्दन' हा शब्द उपलब्ध आहे.